कडा काढलेला पाव

मिशन कंपाउंड, शिरूर
९ जानेवारी २०२५

सौ. सुलक्षणाताई यांस,

आमच्याकडे पत्राची सुरुवात सलामाने करतात, तुमच्याकडे नमस्काराने. मी दोन्ही लिहून पाहिले, दोन्ही खोडले, मग नव्या कागदावर पुन्हा दोन्ही लिहिले. सलाम आणि नमस्कार. तुम्हाला चालेल तो घ्या.

मी दयाबाई पाटोळे, ब्लेसनची आई. म्हणजे नात्याने तुमची विहीण, पण आपण एकमेकींना अजून पाहिलेलं नाही. तुमच्या राजनंदिनीने आणि माझ्या ब्लेसनने पुण्यात रजिस्टर लग्न केलं त्याला वर्ष होऊन गेलं. त्या दिवशी तुमच्याकडून कुणी आलं नाही. मीही गेले नव्हते, हे तिने तुम्हाला सांगितलं नसेल. मला ताप आहे असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. तापबीप काही नव्हता.

फोन करणार होते, पण राजनंदिनी तुमचा नंबर देत नाही. तिचा आवाज ऐकला की तिचे वडील फोन ठेवतात आणि मग दिवसभर घरात कुणाशी बोलत नाहीत, असं ती म्हणते. पत्राचं तसं नसतं. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच. मिशनच्या शाळेत जन्मभर पोरांच्या चिठ्ठ्या पकडल्यात मी, मला ठाऊक आहे.

मुद्द्यावर येते. राजनंदिनीला दिवस गेलेत, पाचवा महिना लागला. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच, नसेल तर हे माझ्याकडून कळतंय याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. बाकी सगळं ठीक आहे, पण खाणं नाही. भाकरी पुढे केली की तोंड फिरवते. वरणाला फोडणी दिली की परसात पळते. डॉक्टरीणबाई म्हणतात वजन वाढत नाही, जे पोटात टिकतंय ते द्या. आणि टिकतंय काय, तर एक इटालियन पदार्थ.

हसू नका. ब्लेसन रांजणगावला ज्या हॉटेलात स्वयंपाकी आहे तिथे कंपन्यांचे परदेशी इंजिनियर उतरतात. राजनंदिनी तिथेच काउंटरवर होती, तिथेच दोघांचं जमलं, हे तुम्हाला माहीत असेल. त्या हॉटेलात जेवणाआधी एक वस्तू देतात. ब्रेडचा जाड तुकडा जाळीवर खरपूस भाजायचा, गरम असतानाच त्याच्यावर सोललेली लसणाची पाकळी घासायची, वर ताजं मऊ चीज, त्यावर बारीक चिरलेला टोमॅटो, मीठ आणि तेलाची धार. नाव ब्रुस्केटा. मला ते म्हणता येतं, पण माझ्या स्वयंपाकघरात म्हणवत नाही, म्हणून मी ‘ते पावाचं’ म्हणते. ब्लेसन रात्री डब्यात घेऊन येतो तोवर त्याचा लगदा झालेला असतो. म्हणून ते घरी करायचं ठरलं, म्हणजे मी करायचं ठरलं.

मला यातलं काही कळत नाही. आमच्याकडे भाजलेला पाव आजारी माणसाला चहात बुडवून देतात. त्याला कच्चा लसूण कोण लावतं?

तुम्हाला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. लहानपणी ती आजारी पडली की तुम्ही तिला काय देत होता? तिला विचारलं तर ‘काही नाही, आई बसायची जवळ’ एवढंच सांगते. ते काही मला पातेल्यात शिजवता येत नाही. आणि दुसरं म्हणजे तुम्ही एकदा येऊन जा. मी बोलावते म्हणून नको, तिच्यासाठी या. ती तोंडाने मागणार नाही. पण स्टँडवरून जाताना चौफुल्याच्या गाडीची पाटी दिसली की थांबते आणि ‘आई, ही पारगाववरून जाते’ असं मला सांगते. मला पारगावशी काय करायचंय? त्या गाडीने तुमच्या गावाला, राहूला जाता येतं, म्हणून सांगते ती.

बाळ यायच्या आत या. माझं एवढंच मागणं आहे.

दयाबाई


शिरूर
२१ जानेवारी

सुलक्षणाताई,

तुमचं उत्तर नाही. पण गेल्या आठवड्यात तुमच्या नणंद म्हाळसाबाई कवठे येमाईहून बाजाराला आल्या आणि सरळ आमच्या दारात उभ्या राहिल्या. पोरीची आत्या आहे, बघायला आले, म्हणाल्या. पिशवीत खारातल्या मिरच्यांची बरणी होती. मी केल्यात, असं त्यांनी न विचारता दोनदा सांगितलं. राजनंदिनीने बरणी उघडून वास घेतला आणि ती आपल्या कपाटात ठेवली, कपड्यांच्या मागे. मिरच्या कपाटात कोण ठेवतं? तेव्हा त्या कुणी केल्या असतील याचा मी अंदाज बांधला आहे. त्या पुन्हा बाजाराला आल्या की हे पत्र त्यांच्याच हाती देते.

आता त्या पावाचं ऐका. पहिल्यांदा चीज करायला घेतलं तेव्हा लिटरभर दूध मुद्दाम नासवायचं म्हटल्यावर माझा हात थांबला. राजनंदिनी ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, आमच्याकडे दूध नासलं तर आजी गाईची दृष्ट काढायची. मी म्हटलं, हे डेअरीच्या पिशवीतलं दूध आहे, याची गाय कुठे शोधू? ती हसली. आमच्या घरात आल्यापासून ती हसते खूप, पण ते काउंटरवरचं हसू असतं. हे तसं नव्हतं.

लिंबू पिळलं, दूध फाटलं, फडक्यात बांधलं. मग माझ्या सवयीने त्यावर पाटा ठेवला. संध्याकाळी सोडलं तर वडी. चाकू लावला तर कर्र वाजलं. ब्लेसन म्हणाला, आई, हे पनीरसुद्धा नाही, ही कौलं शाकारायच्या कामाची वस्तू झाली. दाबायचं नसतं म्हणे, नुसतं लटकवायचं, श्रीखंडाच्या चक्क्यासारखं, आणि ओलं असतानाच उतरवायचं. हे आधी सांगायला काय झालं होतं त्याला?

त्यात पानं लागतात. इटलीची तुळस असते म्हणे, हॉटेलात कुंडीत आहे. मला म्हटलं तुळस ती तुळस. राजनंदिनीने आमच्या मागच्या पायरीवर दह्याच्या डब्यात एक तुळस लावली आहे, रोज सकाळी पाणी घालते, मी काही म्हणत नाही. मी विचारलं, तुझ्या तुळशीची चार पानं खुडू का? तिने कानांवर हात ठेवले. मग कंपाउंडच्या भिंतीजवळ सब्जाचं रोप उगवलं आहे, त्याची पानं घातली. ब्लेसन चाखून म्हणाला, हेच ते. म्हणजे इटलीची तुळस आमच्या भिंतीला इतकी वर्षं उभी होती आणि मी तिच्यावर कपडे वाळत घालत होते.

आणि तेल. बाटली आणली ती जैतुनाच्या तेलाची. जैतून हा शब्द मी पाळण्यात असल्यापासून ऐकते आहे, आमच्या शास्त्रात पानोपानी आहे, अभिषेकाला जैतून, दिव्याला जैतून. प्रत्यक्ष पाहिलं या वयात, आणि ते टोमॅटोवर ओतायला.

तर सांगायचं हे, की दुसऱ्या वेळी जमलं. तिने दोन तुकडे खाल्ले आणि ते पोटात राहिले. तिसरा मागितला. मी तिथेच स्टुलावर बसले. ती मला ‘आई’ म्हणते ते सुरुवातीपासून, पण आतापर्यंत ते शाळेत बाईंना बाई म्हणतात तसं होतं. त्या दिवशीचं वेगळं वाटलं. मला तसं वाटलं असेल, तिचं तिलाच माहीत.

तुम्ही मिरच्या पाठवता आणि नाव नणंदेचं सांगता. एवढं करता तर स्वतः का येत नाही?

दयाबाई


शिरूर
३ फेब्रुवारी

सुलक्षणाताई,

हे पत्र पोस्टाने पाठवते आहे, कारण म्हाळसाबाई आता आमच्याकडून कागदाचा कपटाही नेणार नाहीत. त्यांनी तुम्हाला जे सांगितलं असेल ते मला अर्धंमुर्धं कळलं आहे. आता माझ्याकडून ऐका.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. त्यासाठी ब्रेडच्या कडा काढून टाकायच्या, आतल्या पांढऱ्या भागाचे लहान लहान चौकोन करायचे, ताटात रचायचे आणि वर धुतलेला पांढरा रुमाल घालायचा. दुसऱ्या दिवशी ते ताट बाकाबाकावरून फिरतं. हे तुकडे करायचं काम माझ्या सासूबाईंकडे होतं, त्यांच्या माघारी माझ्याकडे आलं. सुरी हातात घेतली की माझा हात आपोआप कडा काढतो, डोक्याला विचारत नाही.

शनिवारी मी बेकरीतून दोन ब्रेड आणले, एक चर्चचा आणि एक राजनंदिनीचा. आधी चर्चचे तुकडे करून ताट झाकून फडताळात ठेवलं. मग तिचं भाजायला घेतलं. तिला सकाळपासून मळमळत होतं, मोठा तुकडा बघूनच ढवळतंय, म्हणाली होती. म्हणून मी भाजलेल्या पावाच्या कडा काढल्या, त्याचे तसेच चौकोन केले, प्रत्येकावर नखाएवढं चीज आणि टोमॅटो ठेवला. माशा फार झाल्यात सध्या, म्हणून वर रुमाल टाकून ताट तिच्या मांडीवर दिलं. रुमाल पांढरा. माझ्या घरातले सगळे रुमाल पांढरे आहेत, त्याला मी काय करू?

तेवढ्यात म्हाळसाबाई आल्या. राजनंदिनीच्या कॉटवर बसल्या, मग पाणी प्यायला भांडं हवं म्हणून स्वतःच फडताळाकडे गेल्या. झाकलेलं ताट दिसलं, रुमाल उचलला. मी आतून म्हटलं, त्याला हात लावू नका, ते उद्याच्या प्रभुभोजनाचं आहे. त्यांनी रुमाल परत टाकला. बाहेर आल्या, तर पोरीच्या मांडीवर तसंच ताट आणि तसाच रुमाल. तोही उचलला. खाली तसेच चौकोन.

मग अगदी शांतपणे म्हणाल्या, “आत बी त्येच, भाईर बी त्येच. चीज लावून पोरगी बाटवायची व्हय?”

मला आधी हसूच आलं, आणि तेच वाईट झालं. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या जुन्या गोष्टी तुमच्या घरात सांगत असतील, आमच्याही घरात सांगतात, आम्ही त्यावर हसतो. पण म्हाळसाबाई हसत नव्हत्या. त्यांनी पोरीच्या मांडीवरचं ताट उचलून खाली ठेवलं आणि पिशवी घेऊन चालू लागल्या. मी फाटकापर्यंत मागे गेले, लसूण आहे हो त्यावर, लसूण लावतं का कुणी देवाच्या भाकरीला, असं सांगत. सगळ्या कंपाउंडने ऐकलं.

परत आले तर राजनंदिनी तशीच बसलेली. ती माझ्याशी नेहमी पुस्तकी बोलते. त्या वेळी तुमच्या घरची भाषा आली. “आई, खरं सांगा. ह्ये त्येच हाय का?”

मला संताप आला. हिच्यासाठी मी दूध नासवायला शिकले, आणि ही मला विचारते? मी म्हणाले, “तेच असतं तर तुला मिळालं नसतं.”

खरंच आहे ते. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला ते देत नाहीत, मागितलं तरी नाही. ती अधूनमधून ब्लेसनबरोबर चर्चला येते, मागच्या बाकावर बसते. ताट येतं, ब्लेसन घेतो, आणि ताट तिच्यापुढून पुढच्या माणसाकडे जातं. मी खरं तेच सांगितलं. पण माझं वाक्य ऐकून ती जी रडली ती कशासाठी रडली, हे मला अजून कळलेलं नाही. मी तिला फसवून ते दिलं असं वाटलं म्हणून रडली, की तिला ते कधीच मिळणार नाही असं मी तोंडावर म्हटलं म्हणून? दोन्ही एकाच वेळी कसं असेल? तुम्ही आई आहात, तुम्हाला कळत असेल तर सांगा.

दयाबाई


शिरूर
१४ फेब्रुवारी

सुलक्षणाताई,

माझी पत्रं तुमच्या हातात पडतात की सोसायटीच्या ऑफिसात तुमच्या मालकांच्या टेबलावर, हे मला ठाऊक नाही. म्हणून आज दोघांनाही लिहिते. भारतराव, तुम्ही वाचत असाल तर मधेच ठेवून देऊ नका.

गेल्या सोमवारी तुम्ही ब्लेसनला फोन केलात. लग्नानंतरचा पहिला. “आमची पोरगी आमच्या देवाची हाय, ध्येनात ठेव,” एवढंच बोललात आणि ठेवलात. तो ‘व्हय’ म्हणाला. दुसरं काय म्हणणार? ती तुमच्याच देवाची आहे. तुळशीला पाणी घालते, चतुर्थीला उपास करते, आणि उपासाची भगर करायला मी शिकले आहे. हे सगळं डोळ्यांनी बघायला तुम्ही कधी आला नाहीत.

आता माझं एक ऐका, कारण मला खोटं लिहायचं नाही. तिने बाप्तिस्मा घ्यावा असं मला वाटतं. रोज रात्री प्रार्थनेत मागते. लग्नानंतर पाळकसाहेबांनी तिला विचारलंही, तिने नको म्हटलं, विषय संपला. माझ्या मनात संपला नाही. पण मी मागते ते देवाकडे, आणि तिला ऐकू जाईल असं नाही. पावात लपवून कुणाला देव खाऊ घालता येत असता तर आमच्या चर्चचे बाक इतके रिकामे राहिले नसते.

आमच्याकडेही मला सोडलेलं नाही. फाटकात मी जे ओरडले ते मंडळीत पोचलं, आणि पोचेपर्यंत त्याचं असं झालं की दयाबाईने प्रभुभोजनाची भाकर घरी नेऊन तिचं इटालियन केलं. पंच कमिटीने बोलावलं. गिताबाई म्हणून आहेत, शाळेत माझ्या हाताखाली होत्या, त्यांनी विचारलं की चर्चचा ब्रेड आणि सुनेचा ब्रेड तू एकाच सुरीने कापलास का. हो, एकाच सुरीने कापला. घरात एकच चांगली सुरी आहे. तर या वेळी तुकडे गिताबाई करणार आहेत. म्हणजे तुमच्याकडे मी पोर बाटवणारी, आणि इकडे भाकर बाटवणारी. मी नक्की कुणाची काय आहे हे आता मलाच समजेनासं झालं आहे.

राजनंदिनी माझ्या हातचं ते खात नाही. रागाने नाही. ‘तुम्ही बसा आई, मी करते’ म्हणते, जाळीवर एक अख्खा तुकडा भाजते आणि कोरडाच चावते, ओट्याशी उभी राहून. चीज नाही, टोमॅटो नाही. मी केलेलं चीज फडक्यात लटकून आंबलं, मी ते रडत रडत गटारात टाकलं. वजनाचा काटा पुन्हा तिथेच आहे. ब्लेसन मला म्हणतो, तू असं बोलायला नको होतंस. तिला म्हणतो, तू असं विचारायला नको होतंस. आणि मग हॉटेलात निघून जातो.

भारतराव, तुमचा माझ्यावर राग असेल तर तो माझ्यावर असू द्या. तिला सहावा महिना लागला आहे. तिच्या आईला पाठवा.

दयाबाई पाटोळे


शिरूर
२ मार्च

सुलक्षणाताई,

तुम्हाला तुमचीच गोष्ट लिहून कळवते आहे, याला वेड म्हणतील. पण तुम्ही गेल्यापासून मी ती मनात सारखी लावून बघते आणि दर वेळी वेगळी लागते. म्हणून कागदावर मांडते. चुकत असेन तिथे सुधारा.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. मी दार उघडलं तर पुढे तुम्ही आणि मागे म्हाळसाबाई, गुन्हेगारासारख्या जमिनीकडे बघत. तुम्ही माझ्यापेक्षा लहान दिसता. मी तुम्हाला उंच, जाडजूड, कडक बाई धरून चालले होते. राजनंदिनी आतून आली आणि दारातच थांबली. तुम्ही तिला जवळ घेतलं नाहीत. तिच्या मनगटाला धरून हात वर उचललात, बांगडी कोपरापर्यंत घसरली, ती बघितलीत आणि मला म्हणालात, “कुठं करता त्ये पावाचं? चला, दावा मला.”

मी चहा टाकते म्हटलं. तुम्ही म्हणालात, चहा नको, कालचा उपास अजून सोडलेला नाही.

मला वाटलं, झालं. उपास सोडायला ही बाई आता घरी जाणार. म्हणून मी घाईने सगळं काढलं. चीज सकाळीच उतरवलेलं होतं, ती खात नसली तरी मी करत होतेच. पाव जाळीवर ठेवला आणि सुरीकडे हात नेला. सुरी घेऊ की नको? कापला तर तसा दिसेल, नाही कापला तर मुद्दाम लपवते असं वाटेल. पाव एका बाजूने करपला. तुम्ही माझ्या हातातून चिमटा घेतलात, पाव उलटवलात, जशी भाकरी उलटवतात तसा, आणि लसणाची पाकळी स्वतः घासलीत. ‘दाबून न्हाई, नुस्ती फिरवायची,’ असंही म्हणालात. मी चकित झाले, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तेव्हा कळलं की माझी पोस्टाची पत्रं खरोखरच भारतरावांच्याच टेबलावर पडत होती, आणि घरी आणून त्यांनीच ती मोठ्याने वाचून दाखवली. पहिलं रागारागाने वाचलं. त्यातली पावाची रीत तुम्ही त्यांना पुन्हा वाचायला लावलीत. चौथं त्यांनी मधे न थांबता वाचलं आणि गाडीची किल्ली तुमच्यापुढे ठेवली, असं तुम्ही म्हणालात. ते स्वतः का आले नाहीत, तर पाटसला उसाच्या गाड्या अडकल्यात. मी ते खरं धरलं आहे.

तुम्ही चीज लावलंत, टोमॅटो ठेवलात, आणि तो तुकडा हाताने मधोमध मोडलात. अर्धा राजनंदिनीच्या हातात दिलात. उरलेला तोंडाशी नेऊन डोळे मिटलेत. म्हाळसाबाई ‘वैनी’ म्हणाल्या, एकदाच. तुम्ही खाल्लात. उपास माझ्या ओट्याशी उभं राहून सोडलात, आणि घास गिळल्यावर नणंदेकडे वळून म्हणालात, “बघितलंस? आता राहूत जाऊन सांग. बाटली आसंल तर आम्ही मायलेकी बाटलो, आन् म्हादेवाला काय सांगायचं त्ये माझं मी बघंन.”

राजनंदिनीने आपला अर्धा खाल्ला. मग दुसरा मागितला. त्या क्षणी मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्यात माणसाच्या पाया पडत नाहीत, म्हणून थांबले.

इथवर माझी गोष्ट सरळ आहे. इथून पुढे गुंता होतो.

तुम्ही पदराने हात पुसलेत आणि म्हणालात, पोरीला न्यायला आले आहे, पहिलं बाळंतपण माहेरी असतं, गाडी बाहेर उभी आहे. राजनंदिनीने माझ्याकडे बघून विचारलं, जाऊ का? मी म्हणाले, मला काय विचारतेस, जा. तीच तर रीत आहे, आमच्यातही तीच आहे. मीच तुम्हाला या, या म्हणून लिहीत होते. तुम्ही आलात, खाल्लंत, पोरीच्या पोटात अन्न गेलं. मी जे मागितलं ते सगळं मिळालं. मग तिची पिशवी भरताना मला असं का वाटत होतं की माझ्याकडून काहीतरी ओढून नेताहेत?

ताई, तुम्ही तिला न्यायला आलात, की सोडवायला आलात? मी रात्रंदिवस हेच उलटून पालटून बघते. तुम्ही तो घास मायेने खाल्लात, की माझ्याकडचं काही बाकी राहू नये, उद्या कुणी बोट दाखवू नये, म्हणून चुकता करून गेलात? खाताना तुमचे डोळे मिटलेले होते. उघडे असते तर मला कळलं असतं. आणि परत कधी आणून सोडणार, हे तुम्ही बोलला नाहीत. तिनेही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली, मला वाटलं काही सांगेल. ‘आई, फडकं पाण्यात घालून ठेवा, आंबट वास येतो,’ एवढंच म्हणाली. यातून मी काय समजू?

आज पहिला रविवार होता. गिताबाईंनी तुकडे केले, वेडेवाकडे. ताट माझ्यापुढे आलं. मी घेतला. ब्लेसन एकटा बसला होता, त्याच्या शेजारची जागा सोडून ताट पुढे गेलं. आज ते जाताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. घरी आल्यावर तो म्हणाला, मी जेवून आलोय. कुठे जेवला असेल, देव जाणे.

बाळाचं बारसं होणार की बाप्तिस्मा, हे मी विचारणार नाही. आज तरी नाही. तिचं खाणं चालू ठेवा. चीजला म्हशीचं दूध घेऊ नका, जड होतं. लिंबू दूध खाली उतरवल्यावर पिळा.

आता शेवटचं, आणि हे भारतरावांनी वाचून दाखवताना गाळू नये. मी राहूला येणार आहे. बाळ झाल्यावर नव्हे, त्याच्या आधीच. चौफुल्याच्या गाडीने पारगावला उतरेन, पुढे जी रिक्षा मिळेल तिने येईन. पाटोळे हे नाव ऐकलं की आमचे पणजोबा मिशनच्या कंपाउंडात यायच्या आधी गावाच्या कुठल्या टोकाला राहत होते, हे तुमच्याकडे कुणाला सांगावं लागणार नाही. तुम्ही माझ्या ओट्याशी येऊन जेवलात. मी आले की तुमच्या चुलीपर्यंत येऊ, की ओसरीवर बसू? जे असेल ते सरळ कळवा. मी राग मानणार नाही.

हे खोटं लिहिलं. राग मानीन. पण येईन.

तुमची विहीण,
दयाबाई